पाच बॅटऱ्या आणि एक टेबलफॅन

ती. सौ. ताईस,

तुझ्या भिंगरीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा नुसता लिहिण्यापुरता. खरोखर घालायचा म्हटला तर पुढच्या खोलीत आठ अंगं टेकतील एवढी फरशी शिल्लक नाही. जिथे फरशी दिसते तिथे वायर आहे आणि जिथे वायर नाही तिथे बाबा बसलेत. तेव्हा उभ्याउभ्या हात जोडतोय, गोड मानून घे.) तू आणि भावोजी खुशाल असालच. तुझी कंबर काय म्हणते? भावोजींचं पित्त? तुमच्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली का, की अजून शेजाऱ्यांशी ओळखी जिन्यातच होतात? इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

पत्र लिहायचं कारण तुझा निरोप. 'बॅटरी बसली का? हो की नाही एवढंच कळव, फाटे फोडू नकोस.' ताई, मी फाटे फोडत नाही गं. रस्त्यालाच फाटे असतात, मी फक्त प्रत्येक फाट्यावर जाऊन तिकडे काय आहे ते बघून येतो. म्हणून तर ट्रकवर क्लीनर झालो, फोटो स्टुडिओत लोकांच्या हनुवट्या वर करत बसलो, आणि एका हॉटेलात इतकी भांडी घासली की हातावरच्या रेषा पुसून गेल्या. (त्यामुळे माझं भविष्य कोणालाच सांगता येत नाही. बाबा सोडून.) असो. फोनवर का नाही सांगितलं म्हणशील, तर घरातल्या सगळ्या प्लगांना बाबांचं काही ना काही लागलेलं आहे, माझा फोन चार्ज करायला पलीकडच्या शिंप्याकडे जावं लागतं. आणि फोन चालू असला तरी बाबा कान देऊन बसतात आणि मधेच हातातून घेऊन भावोजींना तुमच्या गच्चीवरचं तापमान विचारतात. पत्रात त्यांना मधे बोलता येत नाही. एवढी एकच जागा उरली आहे.

तर बॅटरी. पहिल्यापासून सांगतो, कारण तू जे समजतेस आणि इथे जे घडलंय त्यात बरंच अंतर आहे. आईच्या फुप्फुसांनी अंग टाकल्यापासून ते यंत्र तिच्या उशाशी घरघरतंय, हवेतून प्राणवायू वेगळा काढतंय आणि नळीने तिच्या नाकात सोडतंय. यंत्राला वीज लागते, आणि वीज इथे पाहुण्यासारखी येते. म्हणून तू गच्चीवर सौर पॅनेल बसवून दिलीस. सगळ्या गल्लीने मान वर करून बघितली. मग पहिल्यांदा वीज गेली तेव्हा कळलं की रस्त्यावरची वीज गेली की पॅनेलही बंद पडतात! बसवणाऱ्याने सांगितलं की तारांवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून झटका बसू नये म्हणून तशी सोय असते. सोय चांगलीच आहे, वायरमनचीसुद्धा आई असेल. पण डोक्यावर रणरणतं ऊन, गच्चीवर पॅनेल आणि खाली यंत्र बंद, हे म्हणजे भरल्या ताटावर बसवून 'थांबा, यजमान आल्याशिवाय घास घ्यायचा नाही' असं सांगण्यातला प्रकार. यावर उपाय एकच, बॅटरी. तू म्हणालीस, बॅटरी घ्या. आणि पुढे म्हणालीस, मी यायच्या आत बसली नसेल तर आईला माझ्याकडे घेऊन जाईन.

हे दुसरं वाक्य तू सहज बोललीस. आईला ते अजून पचलेलं नाही. तुमच्याकडे मागे राहून आली तेव्हाच म्हणाली होती, 'घर झकास आहे, पण खिडकीतून नुसतं आकाश दिसतं. आकाश दिवसभर बघून बघून काय बघायचं?' इथे तिच्या पलंगावरून फाटक दिसतं, शिंप्याचं मशीन दिसतं, कोण कोणाकडे गेलं आणि किती वेळाने तोंड पाडून परत आलं ते दिसतं. तेवढ्या श्वासात जेवढं जग मावतं तेवढं तिला खिडकीतून पुरतं. थोडक्यात काय, बॅटरी बसली तर आई इथे राहील, नाही बसली तर तुझ्या आकाशात जाईल. माझ्यासारख्या शाळेतून मधेच उठलेल्याला कळतं एवढं सोपं आहे हे.

पण बॅटरी कोणती घ्यायची हे ठरवायचं काम तू बाबांकडे दिलंस. ताई, तू हुशार आहेस, शिकलेली आहेस, हे असं कसं केलंस? ज्या माणसाने सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात घालवली, दुकानात शिरला की आधी काट्याला आणि मग माणसाला बघितलं, त्याला 'एक बॅटरी आणा' म्हणून सांगायचं? आपल्या लहानपणी घरी आणलेली साखर घरच्या काट्यावर पुन्हा तोलली जायची आणि तू पाहुण्यांसमोर लाजायचीस, विसरलीस? 'तराजूला नातं नसतं,' हे वाक्य मी आईच्या ओव्यांच्या आधी ऐकलं असेल. बाबा म्हणाले, कंपन्या काहीही छापतात, आपण प्रत्येक जातीची एकेक आणून समान भारावर तपासायची. आणि गंमत बघ, त्यांना एकही विकत घ्यावी लागली नाही. निवृत्त होऊन केस पांढरे झाले तरी बाबा दुकानात शिरून चष्मा पुसत 'जरा तपासायला हवी होती' म्हणाले की दुकानदार आपोआप घाम पुसतो आणि माल काढून देतो. सवयच आहे त्यांची. उचलून आणायला मी. मला त्यांनी घरात कशासाठी ठेवून घेतलंय ते तेव्हा नीट उमगलं. मी दोन दिवसांसाठी आलो होतो, आठवतंय ना?

आल्या बॅटऱ्या. तुला शास्त्र सांगत बसत नाही, माझं शास्त्र कच्चं आहे. आपली माणसं लावून सांगतो म्हणजे लगेच ओळखशील. पहिली शिशाची, जी प्रत्येक नाक्यावर मिळते. ती म्हणजे आपले थोरले काका. हलवायला चार जण लागतात, वेळेवर पाणी पाजावं लागतं, अर्ध्याच्या वर काम सांगितलं तर आजारी पडतात आणि चार-पाच वर्षांत आटपतात. पण स्वभाव सगळ्या गावाला ठाऊक, कोणीही मिस्त्री दुरुस्त करतो. दुसरी लिथियमची, म्हणजे भावोजी. (रागावू नकोस, दाखवू नकोस.) अंगाने बारीक, खर्चाला जाड, दिलेलं जवळजवळ सगळं परत देणार, पंधरा वर्षं टिकणार. पण आत एक मेंदू असतो. फार तापलं, फार गारठलं, फार रिकामं झालं की तो आतून कडी लावून बसतो, मग बाहेरून कितीही हाका मारा. त्यातही दोन प्रकार असतात, एक पेट घेणारा आणि एक शांत. तुझ्या नशिबाने तुला शांत मिळालाय.

तिसरी लोखंड आणि निकेलची. भंगारवाल्याने कुठल्याशा जुन्या सिग्नलच्या खोलीतून काढलेली, म्हणजे साक्षात आत्या. तिला मारायचं कोणाच्या हातात नाही. उपाशी ठेवा, पोटभर घाला, विसरून जा, आहे तशीच. तीस वर्षं म्हणे चालते. फक्त दिलं त्यातलं बरंचसं स्वतःच खाते, बसल्या जागी हळूहळू झिरपते, सारखं पाणी मागते आणि वर ढेकर देते. त्या ढेकरीतला वायू पेट घेऊ शकतो म्हणून तिला खिडकीपाशी बसवायचं. (आत्यालाही आपण खिडकीपाशीच बसवायचो. कारण वेगळं होतं.) चौथी मिठाच्या पाण्याची. ही कोणाला चावत नाही, पेटत नाही, लहान मुलाने चाटली तरी हरकत नाही. जागा भरपूर अडवते, जे काय देते ते अगदी सावकाश देते, घाई केली की गळाठते, आणि तिला बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. ओळखलंस ना? मीच. आणि पाचवी एका तांत्रिक विद्यालयाच्या अडगळीतून आणलेला नमुना: दोन पिंपं, दोन रंगांची पाणी, मधे एक पातळ पडदा आणि ती पाणी फिरवत ठेवणारा पंप. पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, जन्मभर नुसती पडद्याशी येऊन काहीतरी देवघेव करतात आणि आपापल्या पिंपात परत जातात. पंप चालू आहे तोवर सगळं ठीक. मी ती बघितली आणि मग आई-बाबांकडे बघितलं.

(सहावा प्रकार बाबांनी स्वतः काढला होता. दिवसा उन्हाच्या जोरावर पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, वीज गेली की खाली सोडून त्यावर चक्र फिरवायचं. हिशेब मांडला तेव्हा निघालं की अख्खी टाकी रिकामी केली तरी आईचं यंत्र चहा गाळून होईपर्यंत चालेल. तो नाद त्यांनी सोडला, पण त्याआधी पाइप शिंप्याच्या भिंतीवर फुटला होता. शिंपी अजून माझ्याशी बोलतो ते केवळ आईमुळे.)

आता तपासणी. समान भार म्हणून बाबांनी माळ्यावरून तो हिरवा टेबलफॅन काढला, तोच, ज्याच्या जाळीत तुझी रिबन अडकली होती. प्रत्येक बॅटरीवर फॅन लावायचा आणि थांबेपर्यंत समोर बसायचं. मी म्हटलं, 'बाबा, फॅन केवढासा, आईचं यंत्र केवढं खातं, यावरून त्याचं कसं कळणार?' तर म्हणाले, 'यंत्र तिला लागतं. तपासणीला लावू? अक्कल गहाण ठेवलीस का?' हे बरोबरच होतं. त्यांचं सगळं बरोबरच असतं, तेच तर दुःख आहे. फॅनवर मिठाच्या पाण्याची पहिली आली. (आयुष्यात एकदाच मी पहिला आलो.) मग खात्री म्हणून तिला थोडा वेळ यंत्र लावून बघितलं, तर दोन गचके दिले आणि बसली. शिशाची पहिल्या फेरीला छान चालली, पण थांबेपर्यंत म्हणजे पार रिकामी होईपर्यंत! दुकानदार हात जोडून सांगत होता, साहेब, अर्ध्याखाली नेऊ नका. दुसऱ्या फेरीला ती निम्म्यातच दमली. बाबांनी शेरा मारला, 'बेभरवशाची.' अहो, आधी तुम्हीच तिचं कंबरडं मोडलंत की! लिथियमवाल्या भावोजींनी तिसऱ्या फेरीनंतर जी कडी लावली ती उघडायला दुकानातून माणूस बोलवावा लागला. आणि आत्या खिडकीपाशी ढेकर देत बसली होती.

हे असं चाललं होतं आणि आई पलंगावरून बघत होती. तिला हसायला फार येतं पण हसायला श्वास लागतो, म्हणून ती हल्ली नुसती डोळ्यांनी हसते. एकदा म्हणाली, 'लग्नाआधी हे मला बघायला आले होते तेव्हा फॅन बरोबर आणला नव्हता, हे नशीब.'

मधे एकदा डॉक्टर आले होते. हे तुला सांगितलेलं नाही, बाबांनी सांगू दिलं नाही. त्यांनी आईला तपासलं, तिच्याशी शिंप्याच्या भिंतीबद्दल गप्पा मारल्या आणि बाबांना बाहेर पायरीवर नेलं. मी तिथेच शिशाच्या बॅटरीत पाणी भरत होतो. (मला कोणी माणसात धरत नाही याचा हा एक फायदा. माझ्यासमोर सगळं बोलतात.) डॉक्टर म्हणाले, 'हा उन्हाळा निघेल. त्यापुढचं मी बोलणार नाही, तुम्हीही विचारू नका.' बाबांनी विचारलं नाही. त्यांनी डॉक्टरांना फाटकापर्यंत सोडलं, परत आले, खिशातून खडू काढला आणि शिशाच्या बॅटरीवर मोठी फुली मारली. मी म्हटलं, का? तर म्हणाले, 'चार वर्षांत बदलावी लागते. चार वर्षांनी पुन्हा हे उपद्व्याप कोण करणार? घ्यायची तर पंधरा वर्षांची. वीस वर्षांची. त्या लोखंड-निकेलवालीसारखी तीस वर्षांची मिळाली तर उत्तम.' त्यांचा आवाज नेहमीचाच होता, दुकानात असतो तसा. आतून आई म्हणाली, 'अहो, माझ्यापुरती कुठलीही चालेल हो.' फॅन तेवढा फिरत होता.

ताई, मी फार शिकलो नाही, पण एवढा हिशेब मलाही येतो. या घरात आलेली सगळ्यात कमी टिकणारी बॅटरीसुद्धा पुरून उरणार आहे. हे बाबांना माहीत आहे, आईला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आता तुलाही झालं. आणि तरी आम्ही तिघं बसून पंधरा की वीस की तीस वर्षं याची चर्चा करतो, आणि मी अधूनमधून 'पण हवेशीर जागा हवी' असं म्हणतो. मला त्यांचा इतका राग येतो की हातातला पाना भिंतीवर फेकावा वाटतो. मग भिंत कोण दुरुस्त करणार, मीच, म्हणून फेकत नाही.

आता परवाचं सांगतो. परवा अखेरची फेरी होती. बाबांचं म्हणणं, आत्तापर्यंतच्या तपासण्या खोट्या, कारण सुरुवात समान नव्हती. कोणती थोडी भरलेली, कोणती थोडी रिकामी. 'वजन करायच्या आधी काटा शून्यावर आणावा लागतो,' म्हणाले, 'हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, माझंच चुकलं.' म्हणून सकाळपासून पाचही बॅटऱ्या शून्यावर आणल्या. फॅन, दिवे, मिक्सर, जे मिळेल ते लावून अगदी थेंब न् थेंब काढला. उन्हं चढली की सगळ्या एकदम भरायला लावायच्या, समान वेळ, समान ऊन. दुपारी सगळ्या बॅटऱ्यांचे काटे शून्यावर आले, बाबांचा चेहरा कधी नव्हे तो समाधानी झाला, आणि वीज गेली.

अख्ख्या गल्लीत एवढ्या बॅटऱ्या कोणाकडे नव्हत्या ताई. आणि एकीतही जीव नव्हता. वर ऊन असं की गच्चीवर पाय ठेववत नव्हता, आणि उशाशी यंत्र किंचाळत होतं, कारण वीज गेली की ते तसं किंचाळतं. आईला प्राणवायूचा छोटा सिलिंडर लावला. तो थोडाच वेळ पुरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा त्या पाच बॅटऱ्यांच्या मधे उभे राहिले आणि एकीकडून दुसरीकडे बघत राहिले. मी त्यांना आजवर कधी असं उभं राहिलेलं बघितलं नाही. मग मी यंत्र बाबांच्या हातात दिलं आणि आईला खुर्चीसकट उचललं. (ती इतकी हलकी झाली आहे हे मला तोवर कळलं नव्हतं. ते मी तोलायला नको होतं.) जनरेटरचा आवाज येत होता तो एकाच ठिकाणाहून, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून.

दुकान कोणाचं ते तुला माहीत आहे. पावकमी. ज्याच्या काट्यात बाबांनी पाव किलोची खोट पकडली, काटा जप्त केला, आणि तेव्हापासून गल्लीने ज्याचं मूळ नाव टाकून दिलं तो. त्याच्या पायरीवर बाबा तेव्हापासून चढलेले नाहीत. पावकमीने आम्हाला बघितलं, शीतपेयांच्या कपाटाचा प्लग काढला, आणि बाबांकडे हात करून म्हणाला, 'लावा साहेब यंत्र. बिनधास्त लावा. इथली वीज पूर्ण भरते, पाव कमी नाही.' दुकानातली गिऱ्हाइकं हसली. आईला पोत्यांच्या मधे बसवलं, यंत्र घरघरायला लागलं, तिच्या ओठांचा रंग परत आला. ती सभोवार बघून म्हणाली, 'अगं बाई, इथून तर दोन्ही रस्ते दिसतात!' आणि गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका बाईला तिच्या सुनेबद्दल विचारायला लागली.

आणि मग मी ते बघितलं. बाबा दाराशीच उभे होते, उन्हात. सवयीने त्यांची नजर काट्यावर गेली. पावकमी एका म्हाताऱ्या बाईला डाळ तोलून देत होता आणि त्याच्या मनगटाची कड पारड्याला लागलेली होती, अगदी हलकेच, पानाने पानाला टेकावं तशी. माझ्यासारख्यालाही दिसलं. बाबांना तर ते पाठीमागूनही दिसलं असतं. त्यांचं तोंड उघडलं. पावकमीनेही बघितलं की त्यांनी बघितलं. त्याने मनगट काढलं नाही. यंत्र घरघरत होतं. बाबांनी तोंड मिटलं आणि रस्त्याकडे बघायला लागले. बाई डाळ घेऊन त्यांच्या बाजूनेच गेली, 'बरं आहे ना साहेब?' म्हणाली. बाबा म्हणाले, 'बरं आहे.'

वीज आली, आम्ही घरी आलो. वाटलं, आता तरी! आता तरी नाक्यावर जातील आणि काय मिळेल ते उचलून आणतील. तर काल सकाळी चहा घेताना त्यांनी निकाल जाहीर केला. पाचही नापास. मिठापासूनच करतात अशी एक नवी निघाली आहे म्हणे, सोडियमची. थंडी सोसते, ऊन सोसते, पार शून्यावर नेली तरी रुसत नाही, पेटायची भीती कमी. सगळ्यांचे गुण, कोणाचेच दोष नाहीत. (अशी स्थळं असतात ताई, तुझ्या वेळीही दोन आली होती. प्रत्यक्षात कोणी बघितलेली नसतात.) मी विचारलं, मिळते कुठे? म्हणाले, 'आपल्या भागात पुढच्या वर्षी येणार आहे. तोवर थांबू.'

पुढच्या वर्षी. मी आईकडे बघितलं नाही. मी उठून गच्चीवर गेलो आणि तुझी पॅनेल पुसत बसलो. ती स्वच्छच होती.

तर असं आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद द्यायची माझी लायकी नाही, त्यांना नुसता पापा. भावोजींना ते लिथियमचं बोलू नकोस.

तुझाच,
भिंगरी

ता. क. तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच: नाही.

ता. क. २. आता खरं काम. तू येतेस तेव्हा आईला न्यायला येऊ नकोस, बॅटरी घेऊन ये. तुमच्या नाक्यावर मिळते ती साधी, शिशाची, गाडीच्या डिकीत मावते तेवढी. उतरवायला मी आहे, तोवर कुठे जात नाही. भावोजींचा सल्ला घेऊ नकोस, तुलना करू नकोस, पहिलं दुकान दिसेल तिथे थांब. बाबा विचारतील, चार वर्षांचीच का आणलीस? त्यांना सांग की हो, चारच वर्षांची आहे, चार वर्षांनी आईसाठी नवी घ्यावी लागेल, तोवर सोडियमचीही आली असेल, तेव्हा पुन्हा तुम्हीच सगळ्या तपासा. माझ्या तोंडून त्यांना हे खरं वाटणार नाही. तू लांब असतेस, तुझं वजन पडतं.

ता. क. ३. (हे आईच्या हातचं आहे. मी पत्र पलंगावर ठेवून शिंप्याकडे फोन आणायला गेलो होतो.)
बाळ, याने लिहिलंय ते मी वाचलं. फार हसवलं मेल्याने, नळी निसटली. पावकमीला पाठीमागे काही बोलू नका, त्याने प्लग काढला तेव्हा क्षणाचाही विचार केला नाही. चार वर्षांचं तू यांना खुशाल सांग. खोटं वजन त्यांना बघताक्षणी कळतं, हेही कळेल. पण कळूनही गप्प बसायला ते आता शिकलेत, मी पोत्यामागून बघितलं. टेबलफॅन तेवढा कोणी हलवू नका, राहू दे त्यांच्याजवळ.